बेलफास्टचा कवी, मदनपल्लीचा मास्तर

जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीत सुरुवातीच्याच एका प्रकरणात स्टीफन डेडलस नावाचा तरुण मास्तर आपल्या उधारीचा मनातल्या मनात हिशेब मांडतो. कुणाचे नऊ पौंड, कुणाचे मोजे आणि बूट, कुणाकडची दोन जेवणं. त्या यादीत मध्येच एक नाव येतं: कझिन्स, दहा शिलिंग. जागतिक साहित्यात जेम्स कझिन्सची कायमची नोंद झाली ती अशी, धनको म्हणून.

कादंबरीतला हिशेब काल्पनिक धरला तरी माणूस खरा होता. १९०४ च्या जूनमध्ये जॉइस खरोखरच डब्लिनजवळच्या सँडिमाउंटमध्ये, समुद्रकाठच्या रस्त्यावर, कझिन्स दांपत्याच्या घरी राहायला गेला होता. नवराबायको दोघंही कट्टर शाकाहारी, घरात दारूचा थेंब नाही. जॉइसला ते काही झेपलं नाही. दोनेक रात्रींतच त्याने तिथून गाशा गुंडाळला.

त्यानंतर अकरा वर्षांनी हेच जोडपं मद्रासच्या किनाऱ्यावर उतरलं आणि अखेरपर्यंत इथलंच होऊन राहिलं. कझिन्स ज्या कॉलेजात शिकवत होता तिथेच रवींद्रनाथांनी 'जन गण मन'चं इंग्रजी रूप लिहिलं. त्याच्या एका पुस्तकाचं परीक्षण लिहायला बसलेल्या श्रीअरविंदांच्या हातून एक स्वतंत्र ग्रंथ झाला. त्याने दिलेल्या सल्ल्यानंतर एक कन्नड मुलगा इंग्रजी कविता सोडून आपल्या भाषेकडे वळला आणि पुढे त्या भाषेचा महाकवी ठरला. म्हैसूर आणि तिरुवनंतपुरम इथल्या दोन चित्रशाळांमागेही हाच माणूस. एवढं असून कझिन्सच्या स्वतःच्या कविता आज ना आयर्लंडमध्ये कुणी वाचत, ना भारतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. कवी म्हणून कझिन्स मध्यम होता. पण दुसऱ्याच्या हातून होत असलेलं चांगलं काम तो फार लवकर ओळखायचा, आणि ओळखल्यावर गप्प बसायचा नाही. मास्तराला लागते ती हीच नजर. त्याची गोष्ट कवीची म्हणून सांगायला गेलं तर दोन ओळींत संपते; मास्तरची म्हणून सांगितली तर आयर्लंड, थिऑसॉफी, होमरूल आणि राष्ट्रगीत असे सगळे धागे तिच्यात येतात. ते एकेक करून सोडवू.

लॉर्ड मेयरचा कारकून

जेम्स हेन्री कझिन्सचा जन्म २२ जुलै १८७३ रोजी बेलफास्टमध्ये, एका साध्या मेथडिस्ट कुटुंबात झाला. शाळा लवकर सुटली, मग कारकुनी. लिहिण्याचा हात चांगला म्हणून पुढे बेलफास्टचे लॉर्ड मेयर डॅनियल डिक्सन यांचा खाजगी सचिव झाला. साहेबांची भाषणं लिहून देणं हेही कामात आलंच.

यातली गंमत कळायला तेव्हाचं आयर्लंड थोडं समजून घ्यावं लागतं. १८०१ पासून अख्खं आयर्लंड ब्रिटनला जोडलेलं होतं. बहुसंख्य लोक कॅथलिक, त्यांतल्या बहुतेकांना स्वराज्य हवं होतं. त्याला तिथे 'होमरूल' म्हणत. बेलफास्टच्या बाजूला मात्र प्रॉटेस्टंटांची वस्ती दाट, आणि त्यांना ब्रिटनशी असलेलं नातं तोडायचं नव्हतं. डिक्सन याच दुसऱ्या गटातले. म्हणजे पुढे आयरिश बंडखोरांची बाजू घेतली म्हणून ज्याची नोकरी गेली, तो माणूस तरुणपणी साम्राज्यनिष्ठ मेयरची भाषणं लिहीत होता. पोटासाठी माणूस काय काय लिहितो याचा हा एक नमुना. १८९४ मध्ये त्याचा पहिला कवितासंग्रह आला आणि १८९७ मध्ये तो डब्लिनला गेला.

डब्लिनमध्ये तेव्हा एक मोठी उलथापालथ चालू होती. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. जी गेली त्यांत आयरिश भाषा बोलणारा गरीब शेतकरी सगळ्यात जास्त. भाषा बघता बघता पश्चिमेच्या कडेला ढकलली गेली. शतक संपता संपता शिकलेल्या पिढीला जाग आली: आपल्या दंतकथा, गाणी, वीरपुरुष हे सगळं गमावून आपण नुसते इंग्रजांची नक्कल होऊन बसलो आहोत. या जागेतून जी चळवळ उभी राहिली तिला आयरिश साहित्याचं पुनरुज्जीवन म्हणतात. डब्ल्यू. बी. येट्स हा तिचा सर्वांत मोठा कवी. जॉर्ज रसेल, म्हणजे 'ए.ई.' या टोपणनावाने लिहिणारा कवी-चित्रकार, हा तिचा सर्वांत मायाळू माणूस. बहुतेकांनी लिहिलं इंग्रजीतच, पण विषय घरचे घेतले.

कझिन्स या मंडळींत मिसळला. १९०२ च्या एप्रिलमध्ये फे बंधूंच्या नाटकमंडळीने रसेल आणि येट्स यांची दोन नाटकं एका साध्या सभागृहात केली. त्यातूनच पुढे डब्लिनचं प्रसिद्ध अ‍ॅबी थिएटर उभं राहिलं. फे बंधूंची आणि रसेलची गाठ घालून देणाऱ्यांत कझिन्स होता, रसेलच्या नाटकात त्याने कामही केलं. त्याच वर्षी त्याची स्वतःची दोन नाटकंही रंगमंचावर आली. पण येट्सला त्याचं लेखन मुळीच पसंत नव्हतं. कझिन्सचा एक प्रहसनवजा प्रयोग मंडळीने घेऊ नये म्हणून येट्सने वजन वापरलं आणि तो प्रयोग बारगळला. माणसं जोडून देण्यात कझिन्स पुढे, आणि जोडणी झाल्यावर मात्र बाजूला पडलेला. हे त्याच्या बाबतीत आयुष्यभर होत राहिलं.

डब्लिनमध्ये सुरुवातीला पुन्हा कारकुनीच, आणि मग हारकोर्ट स्ट्रीटवरच्या हायस्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. येट्स लहानपणी याच शाळेत शिकला होता. पगार बेताचा. पण इथून पुढे कझिन्सचा धंदा एकच राहिला, शिकवणं.

१९०३ मध्ये त्याने मार्गारेट गिलेस्पीशी लग्न केलं. ती रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावची, संगीताची पदवीधर. घरात तिला ग्रेटा म्हणत. या लेखात ती मागून मागून येईल, पण दोघांत जास्त धडाडीची तीच, हे सांगून ठेवतो. १९०८ मध्ये तिने हॅना शीही-स्केफिंग्टन या मैत्रिणीबरोबर स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून संघटना काढली. १९१० मध्ये लंडनच्या हॉलोवे तुरुंगात महिनाभर राहून आली. १९१३ मध्ये डब्लिन कॅसलच्या खिडक्या फोडल्याबद्दल टुलामोरच्या तुरुंगात गेली आणि तिथे उपोषण केलं. जेम्सने हॅनाच्या नवऱ्याबरोबर, फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टनबरोबर, १९१२ मध्ये याच चळवळीचं साप्ताहिक सुरू केलं. या फ्रान्सिसचं नाव लक्षात ठेवा.

थिऑसॉफी म्हणजे काय, आणि ती डब्लिनला कशी पोहोचली

कझिन्स भारतात का आला याचं उत्तर या एका गोष्टीत आहे. थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट हे तिचे प्रमुख संस्थापक. १८८२ मध्ये सोसायटीने मद्रासजवळ अडयारला बस्तान बसवलं. सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान आहे, कर्म आणि पुनर्जन्म खरे आहेत, आणि या ज्ञानाचं मोठं भांडार पूर्वेकडे आहे, असा एकंदर सूर.

आज आपल्याला यातलं बरंचसं भोंगळ वाटतं, आणि काही भाग तसा होताही. पण डब्लिनच्या तरुणांना त्यात काय दिसलं ते पाहा. तिथे जन्मतःच माणूस कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट असायचा, आणि त्यावरून त्याचं राजकारण, शाळा, शेजार, सोयरीक सगळं ठरायचं. ज्याला यातल्या कुठल्याच कप्प्यात बसायचं नव्हतं त्याला थिऑसॉफीने तिसरं दार उघडून दिलं. शिवाय जुन्या केल्टिक दंतकथांकडे नुसत्या भाकडकथा म्हणून न पाहता उपनिषदांच्या शेजारी ठेवून वाचायची मुभाही मिळाली. रसेल या वाटेने गेला, काही काळ येट्सही गेला. कझिन्स गेला तो गेलाच, परतला नाही.

१९१२ च्या उन्हाळ्यात कझिन्स दांपत्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर, आयरिश क्रांतिकारक मॉड गॉन हिच्या घरी पाहुणे म्हणून गेलं होतं. येट्सही तिथेच होता. त्याच्याकडे एका बंगाली कवीच्या इंग्रजी भाषांतरांचं हस्तलिखित होतं आणि तो त्यातल्या कविता मोठ्याने वाचून दाखवत होता. ती 'गीतांजली'. पुस्तक अजून छापलं जायचं होतं, नोबेलला एक वर्ष होतं. रवींद्रनाथांचं नाव कझिन्सच्या कानावर पडलं ते इथे.

पुढच्या वर्षी त्याने शाळेची नोकरी सोडली. मास्तरकीत ना पैसा ना पेन्शन. दोघं लिव्हरपूलला गेले, तिथे शाकाहारी पदार्थ बनवणाऱ्या एका कारखान्यात जेम्स काम करू लागला. कवी आणि डबाबंद खाद्यपदार्थ ही जोडी फार काळ टिकणारी नव्हती. अ‍ॅनी बेझंट तेव्हा थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या आणि मद्रासहून 'न्यू इंडिया' हे दैनिक चालवत होत्या. त्यांचं बोलावणं आलं. १९१५ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, दोघं बोटीने निघून मद्रासला पोहोचले. जेम्सला 'न्यू इंडिया'त साहित्यविषयक उपसंपादकाचं काम मिळालं.

एप्रिल १९१६

२४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. ईस्टरचा सोमवार होता. मुख्य पोस्ट ऑफिसवर कब्जा करून बंडखोरांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. सहा दिवस शहर पेटलं होतं, आणि २९ तारखेला बंडखोर शरण आले. याच आठवड्यात, २८ एप्रिलला, लोकमान्य टिळकांची होमरूल लीग बेळगावात स्थापन झाली. दोन्ही घटनांचा थेट संबंध नाही. मात्र 'होमरूल' हे नाव आणि ती मागणी टिळकांनी आणि बेझंटबाईंनी आयर्लंडच्या राजकारणातूनच उचलली होती.

उठावाच्या पुढाऱ्यांत कवी आणि मास्तर बरेच होते. पॅट्रिक पिअर्स शाळा चालवायचा आणि कविता लिहायचा. थॉमस मॅकडोना कवी आणि प्राध्यापक. जोसेफ प्लंकेट कवी. मे महिन्यात तिघांनाही गोळ्या घातल्या. पण कझिन्सला सगळ्यात जवळून लागलेला घाव वेगळा होता. त्याचा सहसंपादक फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन उठावात सामीलही नव्हता. तो पक्का शांततावादी. दुकानांची लूट थांबवावी म्हणून तो रस्त्यावर फिरत होता. ब्रिटिश सैन्याने त्याला पकडलं आणि २६ एप्रिलला कुठलाही खटला न चालवता गोळ्या घालून मारलं.

कझिन्सने 'न्यू इंडिया'त उठाव करणाऱ्यांची बाजू घेणारा लेख लिहिला. बेझंटबाई अडचणीत आल्या. त्या स्वतःला मनाने आयरिशच म्हणवत, पण त्यांची मागणी साम्राज्याच्या चौकटीत राहून स्वराज्य मिळावं अशी होती, आणि दैनिकावर सरकारचा डोळा आधीच होता. त्यांनी कझिन्सला दैनिकातून काढलं. मात्र वाऱ्यावर सोडलं नाही. मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात इंग्रजी शिकवायला पाठवलं. माझ्या मते बाईंनी नकळत त्याच्यावर उपकारच केले. दैनिकात तो आणखी एक उपसंपादक झाला असता.

मदनपल्ली आजच्या आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या मद्रास इलाख्यात. मद्रासच्या मानाने हवा थंड, भोवती डोंगर. जे. कृष्णमूर्तींचं जन्मगाव म्हणूनही ते लोकांना माहीत असतं. होमरूलच्या चळवळीत तिथली मुलं उतरली, मद्रास विद्यापीठाने कॉलेजची मान्यता काढली, आणि मग ते बेझंटबाईंनी उभारलेल्या राष्ट्रीय विद्यापीठाला जोडलं गेलं. त्या विद्यापीठाचे कुलपती होते रवींद्रनाथ. कझिन्स पुढे कॉलेजचा प्राचार्य झाला.

फेब्रुवारी १९१९: नेमकं काय झालं

या प्रसंगाबद्दल इतकं काही सांगितलं जातं की जरा सावकाश पाहायला हवं.

रवींद्रनाथ दक्षिणेच्या व्याख्यानदौऱ्यावर होते, थकले होते, आणि विश्रांतीसाठी मदनपल्लीला कझिन्सकडे आले. कॉलेजात दर आठवड्याला मुलांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम व्हायचा. त्या संध्याकाळी पाहुण्यांनी स्वतःहून एक गाणं म्हटलं. कझिन्सने हा प्रसंग आठवणींत लिहून ठेवला आहे आणि त्याचा कान इथे दिसतो. एवढ्या थोराड माणसाचा आवाज इतका हलका कसा, याचं त्याला आश्चर्य वाटलं. पहिलं कडवं त्याला भूगोलाच्या धड्यासारखं लागलं: प्रांत, डोंगर, नद्या यांची नुसती यादी. दुसऱ्या कडव्यात धर्मांची यादी. पण ध्रुपद आलं तसे सगळे कान टवकारून बसले, आणि दुसऱ्यांदा आलं तेव्हा गळे साफ करू लागले. मग पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा, असा आग्रह झाला आणि थोड्याच वेळात सगळी पोरं 'जय हे, जय हे' जोरात म्हणत होती.

पुढच्या काही दिवसांत रवींद्रनाथांनी त्याचं इंग्रजी रूप स्वतःच्या हाताने लिहून दिलं. त्यावर तारीख आहे २८ फेब्रुवारी १९१९. कॉलेजने ते गाणं आपली रोजची प्रार्थना म्हणून घेतलं. मार्गारेट संगीत शिकलेली. तिने कवीला चाल पुन्हा पुन्हा विचारून, एकेक ओळ पक्की करत, पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलिपीत ती उतरवून घेतली.

आता गल्लत इथे होते. राष्ट्रगीताची चाल मदनपल्लीला जन्मली, किंवा ती मार्गारेटने बांधली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. 'जन गण मन' २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायलं गेलं होतं. म्हणजे चाल मार्गारेटच्या सात वर्षं आधीपासून होती आणि ती रवींद्रनाथांचीच. मार्गारेटने केलं ते लिप्यंतराचं काम. मोडीतला कागद जाणकाराने बाळबोधीत उतरवून दिला म्हणून तो त्याचा होत नाही, पण ज्यांना मोडी येत नाही अशा हजारोंना तो वाचता येतो, तसंच काहीसं. स्वरलिपीमुळे ते गाणं कधीच न ऐकलेल्या माणसालाही नुसत्या कागदावरून ते पियानोवर वाजवता येऊ लागलं.

१९३७ मध्ये राष्ट्रगीत कुठलं असावं यावर देशभर वाद पेटला. 'वंदे मातरम्'च्या काही कडव्यांना आक्षेप होते, आणि 'जन गण मन' हे बादशहा पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिलं होतं असा आरोपही तेव्हा डोकं वर काढून होता. रवींद्रनाथांनी त्याच वर्षी पत्रातून तो ठामपणे नाकारला. कझिन्सने मद्रासच्या वर्तमानपत्रात पत्र लिहिलं: गेली जवळजवळ वीस वर्षं हे गाणं व्यवहारात राष्ट्रगीत झालेलंच आहे, आता फक्त त्यावर अधिकृत शिक्का मारा. शिक्का बसला २४ जानेवारी १९५० रोजी. तेव्हा कझिन्स हयात होता, शहात्तर वर्षांचा.

वही घेऊन आलेला मुलगा

राष्ट्रगीतामुळे कझिन्सचं नाव कधीतरी घेतलं जातं. पण मला विचाराल तर त्याच्या मास्तरकीचा खरा क्षण १९२४ मधला, म्हैसूरचा.

म्हैसूरला शिकणारा एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा इंग्रजीत कविता लिहायचा. त्याचा छोटा इंग्रजी संग्रहही निघाला होता. शहरात एक खराखुरा आयरिश कवी आला आहे, येट्सच्या मंडळींत वावरलेला, हे कळल्यावर तो आपल्या कविता घेऊन भेटायला गेला. अशा वेळी कौतुकाचे दोन शब्द आणि पाठीवर थाप देऊन मोकळं होणं सगळ्यात सोपं. कझिन्सने कविता वाचल्या आणि विचारलं, तुझ्या भाषेत काही लिहिलं आहेस का? मग सांगितलं की कन्नडमध्ये लिही.

मुलाचं नाव के. व्ही. पुट्टप्पा, म्हणजे कुवेंपु. ते कन्नडकडे वळले आणि वळले ते कायमचे. 'श्री रामायण दर्शनम्' या महाकाव्यासाठी त्यांना १९६७ चं ज्ञानपीठ मिळालं, कन्नडला मिळालेलं पहिलं. कर्नाटकाचं राज्यगीतही कुवेंपुंचंच. या भेटीची गोष्ट कन्नड वाचक आजही सांगतात.

हा सल्ला आज सोपा वाटतो, कारण आता तो सगळेच देतात. तेव्हा परिस्थिती उलट होती. तरुणाला मान हवा तर इंग्रजी हवं, आणि इंग्रजीचा मास्तर 'इंग्रजी सोड' असं सांगेल ही अपेक्षाच नसायची. कझिन्स ते सांगू शकला, कारण भाषा हातून गेल्यावर काय उरतं हे त्याने डब्लिनमध्ये पाहिलं होतं. तिथले उत्तमोत्तम कवी आयरिश वीरांच्या कथा सांगत होते, पण सांगत होते इंग्रजीत, तोही त्यांतलाच. आपल्यासारखी वेळ त्याने या मुलावर येऊ दिली नाही.

पाँडिचेरीतल्या प्रकरणाचं स्वरूप जरा वेगळं. कझिन्सने १९१७ मध्ये इंग्रजी साहित्यातल्या नव्या वाटांवर निबंधांचं एक पुस्तक काढलं. श्रीअरविंद तेव्हा 'आर्य' हे मासिक चालवत होते. त्यांनी पुस्तकाचं परीक्षण लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता पुस्तक मागे पडून स्वतःचाच विचार पुढे निघाला. लेखमाला १९२० पर्यंत चालली. तीच 'द फ्यूचर पोएट्री'. दरम्यान १९१८ मध्ये कझिन्सचं भारतीय प्रबोधनावर पुस्तक आलं, त्यावरही अरविंदांनी लेख लिहिले आणि त्यांचंही पुस्तक झालं. इतरांच्या डोक्यात विचार पेटवणारी पुस्तकं लिहायची आणि आपण विस्मृतीत जायचं, हेही एक नशीब.

राजवाडे, चित्रं आणि एक अडचण

१९१९ मध्ये कझिन्स जपानला गेला, टोकियोच्या केइओ विद्यापीठात इंग्रजी कविता शिकवली, आणि परत आल्यावर 'आशियाची सांस्कृतिक एकता' हा विषय त्याने धरला. भारत, चीन, जपान यांची कला मुळात एकाच आध्यात्मिक झऱ्यातून आलेली, असं त्याचं म्हणणं. माझा इथे त्याच्याशी मतभेद आहे. सगळा पूर्व एका सुरात बांधायच्या नादात त्याला जातपात, दारिद्र्य, आणि कोरियावरचं जपानी राज्य यांसारख्या गोष्टी नजरेआड करणं सोपं गेलं. तो काळ आणि थिऑसॉफी, दोन्हींचा हा दोष आहे.

पण त्याच नजरेतून त्याने केलेलं एक काम टिकलं. अवनींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस या बंगालच्या चित्रकारांची कला दक्षिणेत फारशी कुणाला माहीत नव्हती. घरोघरी आणि राजवाड्यांत रविवर्मा. कझिन्स व्याख्यानं देत, चित्रांची प्रदर्शनं भरवत फिरला. म्हैसूरच्या महाराजांनी, नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी, जगनमोहन राजवाड्यात १९२४ मध्ये चित्रशाळा सुरू केली, तिचा संग्रह उभारण्यात त्याचा सल्ला होता. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं ते प्रसिद्ध जलरंगचित्र पाहायला मराठी पर्यटक जिथे रांग लावतात, तीच ही चित्रशाळा. चित्र तिथे नंतर आलं, पण ज्या भिंतींवर ते लागलं त्यांचा इतिहास कझिन्सशी जोडलेला आहे. पुढे त्रावणकोर संस्थानाचा कला-सल्लागार म्हणून त्याने तिरुवनंतपुरमची श्री चित्रा आर्ट गॅलरी उभी केली, ती १९३५ मध्ये उघडली. १९३७ मध्ये त्याने हिंदू धर्म स्वीकारला आणि जयराम हे नाव घेतलं.

१९१६ चा बंडखोर अखेर संस्थानिकांच्या दरबारी रमला, असं म्हणायला जागा आहे. मार्गारेटची वाट मात्र दुसरी होती. १९१७ मध्ये तिने विमेन्स इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत भाग घेतला; त्याच डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी घेऊन सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ गेलं, त्यामागे तीच होती. देशभरातल्या स्त्रियांनी शिक्षणाच्या प्रश्नावर एकत्र यावं म्हणून तिने पत्रं धाडली, आणि त्यातून जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. १९३२ मध्ये सरकारच्या वटहुकमांविरुद्ध जाहीर बोलल्याबद्दल तिला एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती वेल्लोरच्या तुरुंगात गेली. इंग्लंड, आयर्लंड आणि भारत, तिन्ही देशांतले तुरुंग तिने पाहिले.

१९४४ मध्ये मार्गारेटला अर्धांगवायूचा झटका आला. ११ मार्च १९५४ रोजी ती गेली. जेम्स २० फेब्रुवारी १९५६ रोजी मदनपल्लीला गेला.

दोघांनी मिळून लिहिलेलं आत्मचरित्र १९५० मध्ये मद्रासहून निघालं. नाव 'वी टू टुगेदर', सातशेहून जास्त पानं, आळीपाळीने एकदा तो बोलतो आणि एकदा ती. वाचायचं असेल तर सलग वाचू नका, दमाल. सभा, सत्कार आणि प्रवास यांची जंत्री फार आहे. डब्लिनची प्रकरणं, नॉर्मंडीतला मुक्काम आणि मदनपल्लीतला फेब्रुवारी एवढं आधी वाचा. तिचे भाग त्याच्या भागांपेक्षा सरळ आणि चुणचुणीत आहेत. कवितांपैकी आयर्लंड सोडण्यापूर्वीच्या, केल्टिक कथांवरच्या घ्या; भारतात आल्यावर त्याच्या सुनीतांत आत्मा, प्रकाश आणि अनंत यांची इतकी गर्दी झाली आहे की कविता सापडेपर्यंत पान संपतं.